साथीचे साल आणि घराची वही

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शताब्दीच्या या व्याख्यानमालेत बोलण्यासाठी आपण मला पाचारण केले, याचा आनंद आहे तसाच संकोचही आहे. या व्यासपीठावरून आजवर थोर साहित्यिक आणि इतिहाससंशोधक बोलून गेले. मी त्यांच्या पंक्तीतला नव्हे. माझी उभी हयात डिचोलीतील एका पतसंस्थेत लोकांच्या ठेवींचे आणि कर्जांचे हिशेब लिहिण्यात गेली. मूळ घर पेडणे तालुक्यात आणि पोटापाण्याचा उद्योग डिचोलीत, असा माझा दोन तालुक्यांचा संसार. त्यामुळे आज मी बोलणार आहे तेही हिशेबाविषयीच. परंतु तो हिशेब बँकेचा नव्हे, घराचा आहे.

आमच्या पेडण्याच्या घरी लाल कापडात बांधलेली एक जुनी वही आहे. माझ्या पणजोबांच्या हातची. घरखर्च, देणे-घेणे, देवकार्याचा खर्च, गड्यांची मजुरी असे सारे तिच्यात मोडी अक्षरात टिपलेले आहे. शके १८४० च्या आश्विनात, म्हणजे इसवी सन १९१८ च्या ऑक्टोबरात, या वहीची तीन पाने कोरी आहेत. रोज नेमाने टिपण करणारा माणूस एवढे दिवस हात आवरून का बसला असेल, हे कोडे मला लहानपणी उलगडत नसे. आजीला विचारले तर ती एवढेच म्हणे, ‘ते मानमोडीचे साल.’ कोऱ्या पानांनंतरची पहिली नोंद भात उसने आणल्याची आहे. दुसरी नोंद पाटल्यांची जोडी गहाण ठेवल्याची. घरातले कोण गेले, कोण वाचले, याचा वहीत उल्लेख नाही. पुढे शके १८४४ मध्ये मात्र एक ओळ येते: ‘पाटल्या सोडविल्या.’ साथ गावात राहिली असेल महिना, फार तर दीड महिना. तिने घरात आणलेले देणे चार वर्षे राहिले.

मला आज जे सांगावयाचे आहे, ते या नोंदींत आलेले आहे. साथ देहातून लवकर जाते. वहीतून फार उशिरा जाते.

मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा. जून महिन्यात मुंबईच्या गोदीत तिचे पहिले रुग्ण दिसले. पावसाळा सरता सरता दुसरी आणि अधिक मारक लाट आली. ऐन नवरात्राच्या सुमारास, ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी, मुंबई शहरात ७६८ माणसे दगावली. हिंदुस्थानात एकंदर किती माणसे गेली, याचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातात. त्याच वर्षी पाऊसही फसला होता आणि धान्य महागले होते. नव्या काबिजादीतील कितीतरी घरांचा तेव्हाचा आधार म्हणजे मुंबईला गेलेला कमावता माणूस आणि त्याची मनीऑर्डर. मुंबईत घर बंद झाले की इकडे चूल मंदावत असे.

गोमंतकाला साथी नव्या नाहीत. जुने गोवे शहर साथींनीच ओस पाडले. १७५९ मध्ये व्हाइसरॉय पणजीस राहावयास आला आणि १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग प्रथम ओळखणारे डॉ. आकासियु गाब्रियेल व्हिएगश हे बार्देशातील हडफडे गावचे सुपुत्र. या गोष्टी इतिहासाच्या पुस्तकांतून आपणांस वाचावयास मिळतात. मृतांचे आकडेही मिळतात. परंतु त्या साथींत आपल्या गावच्या एखाद्या घराने काय विकले, काय गहाण टाकले, कोणत्या मुलाची शाळा सुटली, हे विचारू गेलो तर कपाटे रिकामी आढळतात. आमच्या घरची वही वाळवीने खाल्ली असती, तर मलाही काही कळले नसते.

आता आपल्या डोळ्यांदेखत झालेल्या साथीकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविडला महामारी म्हटले. २२ मार्चला जिल्हा पंचायतीची निवडणूक व्हावयाची होती. ती राहिली आणि त्या दिवशी जनता कर्फ्यू झाला. गोव्यात तो वाढत वाढत देशव्यापी टाळेबंदीला जाऊन मिळाला. २५ मार्चला राज्यातले पहिले तीन रुग्ण जाहीर झाले. आरंभीचे काही दिवस वाणसामानाची दुकानेही बंद होती, हे आपणां सर्वांच्या स्मरणात असेल. पुढे १९ एप्रिलला राज्यात एकही सक्रिय रुग्ण उरला नाही. मेच्या मध्यापर्यंत साऱ्या गोव्यातल्या रुग्णांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी होती. म्हणजे रोग अजून उंबरठ्याबाहेर होता. रोजगार मात्र याच दिवसांत घराबाहेर पडला.

असे का झाले, हे समजण्यासाठी आपल्या दोन तालुक्यांचे वार्षिक चक्र ध्यानात घ्यावे लागते. फाल्गुनापासून वैशाखापर्यंतचे दिवस हे आपल्याकडे मिळवण्याचे आणि साठवण्याचे दिवस. डिचोलीच्या डोंगरांवर आणि पेडण्याच्या भरडावर काजू याच दिवसांत पिकतो. बोंडे मळून निरो काढायचा, भट्टी लावायची, बी सुकवून विकायची; या दोन-तीन महिन्यांच्या मिळकतीवर अनेक घरांचा पावसाळा निघतो. ज्यांनी पावणीत काजूची जागा घेतलेली असते, त्यांचा पैसा तर आधीच गुंतलेला असतो. आगरवाड्याच्या मिठागरांत मीठही याच दिवसांत काढतात. दशावतारी मंडळी कार्तिकापासून रात्रीमागून रात्री उभ्या राहून जे मिळवतात, त्याचा अखेरचा आणि भरघोस हप्ता चैत्र-वैशाखातला. शिरगावच्या श्री लईराईची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीची. त्या एका जत्रेवर मोगरीचे कळे विकणारी बाई, खाजेकार, चणेकार अशा कितीजणांचे पुढचे महिने अवलंबून असतात. लग्नसराईही तेव्हाच. मंडपवाला, वाजंत्री, आचारी, फुलारी या साऱ्यांची सुगी तीच. टाळेबंदी आली ती नेमकी या सुगीत. काजूला भाव राहिला नाही, नाटक थांबले, गर्दीची जत्रा भरली नाही आणि लग्न घरच्या पाच-पंचवीस माणसांत उरकले. हीच साथ श्रावणात सुरू झाली असती, तर तिचा घाव वेगळ्या जागी बसला असता.

किनाऱ्याची गोष्ट निराळी. मोरजी, मांद्रे, हरमल, केरी या गावांत गेल्या तीस-चाळीस वर्षांत घराचा व्यवसायच पालटला. मासेमारी आणि शेती करणाऱ्या घरांनी अंगणात चार खोल्या बांधल्या आणि त्या पाहुण्यांना दिल्या. त्यासाठी कर्जे काढली. मोरजीच्या एखाद्या घराची चूल मॉस्कोहून सुटणाऱ्या विमानावर पेटते, असे मी पूर्वी थट्टेने म्हणत असे. मार्च २०२० मध्ये ती थट्टा राहिली नाही. हंगामाचे शेवटचे दोन महिने गेले. त्याहून मोठा फटका पुढच्या हंगामाचा, कारण परदेशी प्रवाशांची विमाने आलीच नाहीत. माझ्या ओळखीच्या एका घरात धाकट्या मुलाने वडिलांची जुनी होडी दुरुस्त करून पुन्हा पाण्यात घातली. वडील मला म्हणाले, ‘खोल्या बांधल्या तेव्हा होडी विकणार होतो. गिऱ्हाईक मिळाले नाही, हे देवाने बरे केले.’

डिचोलीला हा तडाखा दुखऱ्या भागावर बसला. खाणी २०१२ मध्ये एकदा बंद झाल्या होत्या. मग फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चच्या मध्यास खनिजाचे काम थांबले. खाणींनी शेते आणि झरे बुजवले हे खरे. खाणींवर हजारो घरे चालत होती हेही तितकेच खरे. पतसंस्थेत असताना ट्रकासाठी कर्ज घेणारे कित्येक तरुण मी पाहिले. खाण थांबल्यावर त्यांतल्या काहींनी ट्रक विकून रिक्षा घेतली, काहींनी किनाऱ्यावर गाडी चालवण्याचे काम धरले. दोन वर्षांत घडी बसते न बसते तोच टाळेबंदी आली. पेडण्याच्या किनाऱ्यावर पाहुणा नसला, म्हणजे मयेच्या चालकालाही काम नाही. दोन तालुक्यांच्या वह्या अशा एकमेकींत गुंतलेल्या आहेत, हे आम्हांला तेव्हा उमगले.

तिसरी गोष्ट सीमेची. दोडामार्ग, बांदे, सावंतवाडी येथील मुले तुये आणि डिचोलीच्या औद्योगिक वसाहतींत कामाला येतात. आपल्या लेकी तिकडे दिल्या आहेत, तिकडच्या लेकी आपल्या घरी सुना आहेत. १५ ऑगस्ट १९५५ रोजी ज्या पत्रादेवीला सत्याग्रहींचे रक्त सांडले, त्या सीमेचा अर्थ १९६१ च्या मुक्तीनंतर पुसला गेला असे आपण समजत होतो. २०२० मध्ये त्याच पत्रादेवीला आणि दोडामार्गला पुन्हा अडसर पडला. कामावर यायचे तर घर सोडून इथेच भाड्याने राहायचे, घरी राहायचे तर पगार सोडायचा, असा पेच त्या तरुणांपुढे उभा राहिला. माझ्या भाचीचे माहेर आणि सासर यांत चार कोसांचे अंतर. वडिलांच्या अखेरच्या आजारात तिला ते ओलांडता आले नाही. वहीत याची नोंद कोणत्या बाजूला करावयाची, हे मला अजून समजलेले नाही.

आता थोडे माझ्या विषयाचे. २७ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते तीन महिने पुढे ढकलण्यास मुभा दिली, आणि ती पुढे ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मी २०१९ मध्येच निवृत्त झालो होतो. तरी जुन्या ओळखीने माणसे बँकेची पत्रे वाचून घ्यावयास माझ्या ओटीवर येत. प्रत्येकाला मी एकच उदाहरण कागदावर मांडून दाखवी. समजा, तीन लाखांचे कर्ज नुकतेच घेतले आहे, व्याज शेकडा बारा, मुदत पाच वर्षे. महिन्याचा हप्ता ६,६७३ रुपये. सहा महिने हप्ता भरला नाही, तर व्याज चढून मुद्दल ३,१८,४५६ रुपयांवर जाते. मग तोच हप्ता चालू ठेवला, तर साठांऐवजी पासष्टाहून थोडे अधिक हप्ते भरावे लागतात. म्हणजे थांबले ते हप्ते. व्याज चालतच राहिले. पुढे सरकारने व्याजावरचे व्याज परत दिले. या उदाहरणात ती रक्कम होते ४५६ रुपये. मुभा वाईट होती असे मी म्हणत नाही. ज्याच्या घरी दाणा नव्हता त्याला तिने तारले. परंतु ज्याला हप्ता भरणे शक्य होते, त्यानेही ‘सरकारने माफ केले’ अशा समजुतीने तो थांबवला, हे मी पाहिले. साथीत तापाइतकीच अपुरी माहितीही घराला बाधते.

दुसरा आधार सोन्याचा. ऑगस्ट २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने सोन्याच्या किमतीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत कर्ज देण्यास बँकांना मार्च २०२१ अखेरपर्यंत परवानगी दिली. पूर्वी ही मर्यादा पंच्याहत्तर टक्के होती. शंभर वर्षांपूर्वी माझ्या पणजीच्या पाटल्या गेल्या, तशाच २०२० मध्येही पाटल्याच गेल्या. काही घरांतून त्या मुलांच्या मोबाइलसाठी गेल्या, कारण शाळा घरात आली होती आणि दोन मुलांना एका वेळी दोन यंत्रे हवी होती. सत्तरी-सांग्याच्या डोंगराळ गावांत तर यंत्र असूनही रेंज नव्हती. मुले टेकडीवर जाऊन बसत. आमच्या शेजारच्या एका बाईंनी मुलीच्या बारावीसाठी पाटली ठेवली. मुलगी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली. पाटली मात्र सोडवता आली नाही. मुदत टळली आणि ती लिलावात गेली. त्या मला म्हणाल्या, ‘भाऊ, मुलगी शिकली, म्हणजे पाटली घरातच आहे.’ त्यांच्या या बोलण्याने मला धीर आला. तरी हिशेबनीसाच्या सवयीने मनात आले, की ही नोंद कोणत्या अहवालात येणार?

मग २०२१ चा मे महिना उजाडला. त्या दिवसांत राज्यात तपासणी झालेल्या दर दोन माणसांत जवळजवळ एक बाधित निघत होता. गोमेकॉतील प्राणवायूच्या पुरवठ्याचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या गोवा येथील खंडपीठापुढे गेला. पंधरा लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या या राज्यात कोविडने एकूण चार हजारांच्या घरात माणसे नेली. पहिल्या वर्षी घरांचे उत्पन्न गेले होते. दुसऱ्या वर्षी कमावता माणूसच जाऊ लागला. डिचोलीजवळच्या एका गावातून एक तरुण विधवा बिस्किटांच्या डब्यात कागद भरून माझ्याकडे आली. घरातले व्यवहार सारे पतीच पाहत असे. कोणाचे देणे आहे, कोणाकडून येणे आहे, तिला काही ठाऊक नव्हते. पासबुक चाळताना मला एक नोंद दिसली: ३३० रुपये, वर्षातून एकदा. तो प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याचा हप्ता होता. त्या एका ओळीने तिला दोन लाख रुपयांचा हक्क मिळाला. शासनाने जाहीर केलेल्या पन्नास हजारांच्या साहाय्यासाठीही मृत्यूचे कारण दाखवणारा कागद लागत होता. तोही त्याच डब्यात तळाशी सापडला. ज्यांच्या घरी डबा नव्हता, किंवा डबा वाचून देणारा कोणी नव्हता, त्यांचे काय झाले असेल, या विचाराने आजही अस्वस्थ व्हायला होते.

असे असूनही बहुतेक घरे तरली. कशाच्या बळावर? पहिले बळ पुरुमेंताचे. पोर्तुगिजांकडून शब्द घेतला, परंतु रीत आपल्या पावसाने शिकवलेली. उकडे तांदूळ, कुळीथ, सोले, चिंच, मिरची, मीठ, सुके बांगडे यांची पावसाळ्यापूर्वी बेगमी करावयाची. नव्या पिढीला ही रीत जुनाट वाटू लागली होती. मार्च २०२० मध्ये दुकाने बंद झाली, तेव्हा गतवर्षीच्या बरणीच्या तळाशी राहिलेल्या सोलांनी आणि कुळथाने पिठी-भाताची सोय केली. तिळारीच्या कालव्याचे पाणी पोहोचते अशा आमच्या भागात, वर्षानुवर्षे पडीक राहिलेले काही मळेही त्या वर्षी नांगरले गेले. दुसरे बळ गावच्या दुकानदाराच्या उधारीच्या वहीचे. तिसरे बळ सुनांच्या आणि सासवांच्या अंगावरच्या सोन्याचे. या तिन्ही बळांवर बहुतांशी स्त्रियांचा हात आहे, आणि तिन्ही कोणत्याही सरकारी आकडेवारीत दिसत नाहीत.

मात्र जुन्या रीतींचे कौतुक करताना डोळे मिटून चालणार नाही. ज्याच्याकडे साठवायला धान्यच नव्हते, त्याला पुरुमेंत कसले? झारखंड, ओडिशा, कर्नाटक येथून आलेला मजूर कोणत्या दुकानदाराच्या वहीत होता? मुंबईहून परतलेल्या आपल्याच भावाला आपण वाड्यावर घेताना कितीदा कचरलो? बरे होऊन आलेल्या बाईच्या घरचे दूध घेणे कित्येकांनी महिनाभर बंद ठेवले होते. ऋणानुबंध ही मोठी ठेव खरी. परंतु तिचे दार सर्वांना सारखे उघडत नाही. म्हणून दयानंद सामाजिक सुरक्षेचे दोन हजार, गृह आधारचे पंधराशे, स्वस्त धान्य दुकानातले धान्य यांचे मोल मी कमी लेखत नाही. ज्याला गोत नाही, त्याला शासन हेच गोत.

मित्रहो, आता ग्रंथालयाविषयी बोलून थांबतो. आपले हे ग्रंथालय मानमोडीनंतरच्या काही वर्षांत उभे राहिले. ज्या पिढीने घरातली माणसे स्मशानात पोहोचवली होती, त्याच पिढीने वर्गणी काढून पुस्तके आणली, हा योगायोग मला फार मोलाचा वाटतो. त्या पिढीने आपल्याला वाचनाचा वारसा दिला. स्वतःच्या दुःखाची आणि निर्वाहाची नोंद मात्र तिने ठेवली नाही. तेवढे त्राण तिच्यात उरले नसेल. आपल्याला तशी सबब नाही.

म्हणून एक विनंती. शताब्दीनिमित्त आपण नवी वास्तू, नवी कपाटे यांचा विचार करीत आहात. त्यांतले एक कपाट घरांच्या वह्यांसाठी राखून ठेवावे. २०२० आणि २०२१ या सालांची घरखर्चाची टिपणे, दुकानदाराच्या उधारीच्या वह्या, मिठागराच्या आणि भट्टीच्या नोंदी, नाट्यमंडळाच्या रद्द झालेल्या प्रयोगांच्या तारखा, मुलांनी टेकडीवर बसून लिहिलेल्या शाळेच्या वह्या, जे कोणी खुशीने देईल ते घ्यावे. नावे झाकावी लागतील तेथे झाकावी. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांच्याकडे एखाद्या सभासदाने जाऊन बसावे आणि लिहून घ्यावे. हे काम आताच करावयास हवे. सोडवलेल्या पाटलीची आठवण राहते. न सोडवलेल्या पाटलीची आठवण माणसे मुद्दाम विसरतात.

आरंभ माझ्यापासून करतो. आमच्या घरची शके १८४० ची ती वही आज मी सोबत आणली आहे. अध्यक्षमहोदय, ती मी आपल्या हाती सोपवीत आहे. तिच्यातली तीन कोरी पाने तशीच जपावीत. शंभर वर्षांनी एखादा वाचक आपल्या काळाविषयी विचारू लागेल, तेव्हा त्याच्यापुढे कोरे पान येऊ नये, एवढीच इच्छा व्यक्त करतो.